सिकलसेल, लग्न आणि लेकरू: तरुण मुलामुलींना काय सांगायचं आणि केव्हा

प्रश्न असा आहे: किनवट-माहूरकडच्या आश्रमशाळांत, कॉलेजांत सिकलसेलची, म्हणजे आईबापाकडून जनुकातून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी झालेली मुलंमुली आता वीस-बावीसची झाली आहेत. कोणी वाहक, म्हणजे सिकलसेलचं एकच जनुक असलेले; कोणी रुग्ण, म्हणजे आईबाप दोघांकडून ते जनुक आलेले. काहींच्या सोयरिकीची बोलणी सुरू आहेत, काहींची लग्नं झालीसुद्धा. समुपदेशक म्हणून त्यांना लग्न, मूल, गर्भनिरोधन याबद्दल नेमकं काय सांगायचं? "वाहकाने वाहकाशी लग्न करू नये" एवढं सांगून भागतं का?

भागत नाही. उलट त्या एका वाक्याने बरंच नुकसान होतं. मुलगी वाहक आहे हे कळलं की स्थळ मोडतं, म्हणून घरचे तपासणीचं कार्ड ट्रंकेत ठेवून देतात, आणि लपवलेल्या कार्डाचा उपयोग कोणालाच होत नाही. ज्यांचं लग्न झालंय त्यांच्यासाठी तर त्या वाक्यात काहीच नाही. लग्न जुळवणं किंवा मोडणं हे आपलं काम नव्हे. निर्णय त्या दोघांचा. निर्णय घेताना त्यांच्याकडे पुरी माहिती होती का आणि हातात वेळ होता का, हे बघणं आपलं काम. यात वेळेला फार किंमत आहे. लग्नाआधी चार-पाच वाटा मोकळ्या असतात, दिवस गेल्यावर दोन-तीन उरतात, आणि पाचवा महिना उलटला की त्याही अरुंद होतात.

सुरुवात रिपोर्टपासून करा. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवलं, त्यामुळे कार्डं पुष्कळ निघाली. पण कार्डाच्या रंगावर जाऊ नका, आतला रिपोर्ट मागा. शिबिरात होणारी सोल्युबिलिटी चाचणी फक्त एवढंच सांगते की रक्तात 'एस', म्हणजे सिकलसेलचं, हिमोग्लोबिन आहे. नळीतलं मिश्रण गढूळ झालं, मागच्या रेघा दिसेनाशा झाल्या, म्हणजे पॉझिटिव्ह. वाहकाचंही पॉझिटिव्ह, रुग्णाचंही पॉझिटिव्ह. दोन्हीतला फरक एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या तपासण्यांनीच कळतो. एचपीएलसीच्या कागदावर वाहकाचं 'एस' साधारण ३० ते ४० टक्के असतं आणि 'ए', म्हणजे नेहमीचं हिमोग्लोबिन, त्याहून जास्त. जिथे 'एस'चा आकडा 'ए'पेक्षा मोठा दिसेल तिथे "वाहक" हा शिक्का मान्य करू नका, पुन्हा तपासायला पाठवा. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर रिपोर्टमध्ये रक्तदात्याचं हिमोग्लोबिन मिसळलेलं असतं आणि एसएस, म्हणजे रुग्ण असलेला, माणूस कागदावर एएस, म्हणजे वाहकासारखा, दिसतो. म्हणून नमुना रक्त चढवण्याआधी काढायचा, नाहीतर तीन महिने थांबायचं.

यापेक्षा मोठी चूक जोडीदाराच्या तपासणीत होते. मुलगी एएस, मुलाची सोल्युबिलिटी निगेटिव्ह, म्हणून "काही काळजी नाही" असं सांगून मोकळं व्हायचं. निगेटिव्हचा अर्थ एवढाच की त्याच्यात 'एस' नाही. तो बीटा थॅलेसेमियाचा, म्हणजे हिमोग्लोबिन कमी तयार होण्याच्या आजाराचा, वाहक असू शकतो, 'डी' किंवा 'ई' हिमोग्लोबिनचा वाहक असू शकतो, आणि सोल्युबिलिटीत यातलं काहीच दिसत नाही. सिकलसेल वाहक आणि थॅलेसेमिया वाहक एकत्र आले तर दर गरोदरपणात २५ टक्के शक्यता सिकल-बीटा थॅलेसेमियाची, आणि तो आजार कित्येकदा एसएसइतकाच जड जातो. तेव्हा एक जण वाहक किंवा रुग्ण असेल तर दुसऱ्याचं एचपीएलसी आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) दोन्ही हवं. एचपीएलसीत दिसणारं एचबी ए-टू हे हिमोग्लोबिन ३.५ टक्क्यांच्या वर गेलं की थॅलेसेमिया वाहक असल्याची शंका घ्यायची. अंगात लोह फार कमी असेल तर हा आकडा खाली येतो आणि थॅलेसेमिया झाकला जातो. एमसीव्ही (लाल पेशीचं आकारमान) ७० च्या खाली आहे पण ए-टू ३.३ आलंय, असा रिपोर्ट दिसला तर लोह भरून काढून परत तपासा, किंवा जनुक तपासणीला पाठवा.

आता शक्यता कशी समजवायची. "पंचवीस टक्के" ऐकल्यावर बहुतेक घरांत हिशेब असा होतो: चार लेकरांत एक आजारी, पहिलं आजारी निघालं, म्हणजे पुढची तीन चांगली. हा गैरसमज तक्ता दाखवून जात नाही, हातांनी खेळून जातो. सोयाबीनचे चार दाणे घ्या. दोन दाण्यांना पेनाची निळी शाई लावा, दोन तसेच ठेवा. दोन वाट्या: एक त्याची, एक तिची. प्रत्येक वाटीत एक निळा, एक साधा. दोघांनी डोळे मिटून आपापल्या वाटीतून एकेक दाणा काढायचा. दोन्ही निळे आले तर बाळ रुग्ण, एक निळा आला तर वाहक, दोन्ही साधे आले तर काहीच नाही. कागदावर रेघ मारायची आणि दाणे परत वाटीत टाकायचे. इथेच थांबून विचारा: "दाणे परत टाकले, मग पुढच्या खेपेला शक्यता बदलली का?" उत्तर त्यांच्याच तोंडून येऊ द्या. वीस वेळा खेळलं की लागोपाठ दोनदा निळे-निळे आलेलंही दिसतं आणि आठ-दहा वेळा न आलेलंही दिसतं. दाणे एकाच मापाचे घ्या. ज्वारी आणि तूर घेतली तर बोटांना फरक कळतो आणि खेळ फसतो.

हेच दाणे सगळ्या जोड्यांना पुरतात. दोघं एएस असतील तर प्रत्येक खेपेला २५ टक्के रुग्ण, ५० टक्के वाहक, २५ टक्के निरोगी. एक एएस, दुसरा एए, म्हणजे 'एस' नसलेला, असेल तर एकही मूल रुग्ण नाही, निम्मी शक्यता वाहकाची. एक एसएस, दुसरा एए असेल तर सगळी मुलं वाहक, रुग्ण एकही नाही. एक एसएस, दुसरा एएस असेल तर निम्मी शक्यता रुग्णाची. दोघं एसएस असतील तर सगळी मुलं रुग्ण. दोन एएस जोडप्याला दोन लेकरं हवी असतील तर त्यातलं किमान एक रुग्ण असण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के, तीन हवी असतील तर सुमारे ५८ टक्के. हा आकडा कोणी सांगत नाही, पण किती मुलं व्हावीत हे ठरवताना उपयोगाचा हाच.

वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे तीनदा सांगा. वाहकाला सिकलसेलची वेदनेची झटकी येत नाहीत, हिमोग्लोबिन कमी होत नाही. वाहक मुलीचं हिमोग्लोबिन ८ आलं तर कारण दुसरं शोधा, बहुतेकदा लोहाची कमतरता निघते. "तिला सिकलसेल आहे म्हणून रक्त कमी" असं सांगून तिचा इलाज अडवू नका.

बोलायचं कधी? साखरपुड्याच्या आठवड्यात बोलून उपयोग नाही. तोवर मांडव, आचारी, कपडे यांचा पैसा गुंतलेला असतो आणि दोन्हीकडच्या माणसांचा शब्दही. पहिली बैठक सतरा-अठराव्या वर्षी, स्थळं यायच्या आधी, एकट्या मुलाशी किंवा मुलीशी. त्या वयात "लग्न कोणाशी करू" हा प्रश्न नसतोच, तेव्हा एवढंच सांगायचं: तुझा प्रकार काय, तो जोडीदाराच्या प्रकाराबरोबर कसा जुळतो, आणि बोलणी सुरू झाली की समोरच्याची कोणती तपासणी मागायची. पत्रिका मागण्याची पद्धत आहे तिथे रिपोर्टही मागता येतो, हे वाक्य घरातल्या मोठ्यांना सहज पटतं. दुसरी बैठक सोयरीक ठरताना दोघांची. तिसरी मूल हवं असं वाटायला लागल्यावर, गर्भनिरोधन थांबवण्याच्या किमान तीन महिने आधी.

दोघांशी बोलताना आधी प्रत्येकाशी वेगळं बोला. तिचा रिपोर्ट तिच्या परवानगीशिवाय त्याला, सासूला, मामाला, कोणालाही नाही. आशाताई त्याच गावच्या असतात, म्हणून यादी त्यांच्या वहीत उघडी राहू नये. समोरच्याला सांगायचं कसं हे तिला अवघड जात असेल तर वाक्य तयार करून द्या: "माझ्या रक्तात सिकलसेलचं एक जनुक आहे. मला त्रास नाही. तुमची तपासणी झाली की आपल्याला पुढचं ठरवता येईल." मोठ्याने दोनदा म्हणून घ्या. 'दोष', 'खोट', 'रक्त खराब' हे शब्द तुमच्या तोंडून येऊ देऊ नका, आणि मुलीच्या बाजूनेच आजार येतो असं कोणी म्हटलं तर तिथेच दुरुस्त करा. एसएस बाळाला एक जनुक आईकडून आणि एक बापाकडून आलेलं असतं.

मराठवाड्यात मामा-भाची, आत्ये-मामे भावंडं अशी लग्नं अजून होतात, म्हणून एक गोष्ट मुद्दाम. भाची वाहक असेल आणि तिला ते जनुक आईकडून आलं असेल, तर सख्ख्या मामाकडेही तेच जनुक असण्याची शक्यता जवळपास निम्मी आहे. अशा घरात "नात्यातलं आहे, माणसं माहितीची आहेत" हा दिलासा रक्ताच्या बाबतीत उलटा पडतो. नातं मोडा असं सांगायचं नाही, मामाचं एचपीएलसी आधी करा असं सांगायचं. आणि हा आजार फक्त आंध, गोंड, कोलाम, प्रधान समाजांत असतो हेही खरं नाही. अनुसूचित जातींत आणि इतर समाजांतही वाहक सापडतात. आडनाव बघून तपासणी सोडू नका.

दोघंही वाहक आहेत आणि त्यांना एकमेकांशीच संसार करायचाय, किंवा झालेला आहे. त्यांच्यापुढे वाटा अशा: गर्भ राहू देऊन पोटातल्या बाळाची तपासणी करणं, तपासणी न करता मूल होऊ देणं आणि जन्मताच निदान करून पहिल्या दिवसापासून इलाज सुरू करणं, आयव्हीएफ करून गर्भाशयात सोडण्याआधी भ्रूण तपासणं, ज्याला लाखांत खर्च येतो आणि मोठ्या शहरात चकरा माराव्या लागतात, तपासलेल्या दात्याचं बीज वापरणं, 'कारा' या सरकारी दत्तक संस्थेमार्फत दत्तक घेणं, किंवा मूल न होऊ देणं. यातली एकही वाट बेजबाबदार नाही. तपासणी नको म्हणणाऱ्या जोडप्याला आपल्या चेहऱ्यावर नाराजी दिसता कामा नये, नाहीतर ते बाळंतपणानंतर परत येत नाहीत आणि बाळाचा इलाज उशिरा सुरू होतो.

पोटातल्या बाळाची तपासणी हवी असेल तर तारखा आधी लिहून द्या. समजा शेवटच्या पाळीचा पहिला दिवस १ जून. पाळी २९ जूनच्या आसपास चुकेल, म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्यात आशाताईंकडच्या निश्चय किटने लघवी तपासायची. २७ जुलैला ८ आठवडे पूर्ण: त्याआधी नाव नोंदवलेलं, सोनोग्राफीने आठवडे पक्के केलेले आणि मोठ्या केंद्राची तारीख घेतलेली हवी. १७ ऑगस्टपासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, म्हणजे ११ ते १४ आठवड्यांत, वारेचा बारीक तुकडा घेऊन तपासता येतो. ती वेळ हुकली तर २१ सप्टेंबरनंतर, १६ आठवड्यांपासून, पोटातलं पाणी काढून तपासतात. १९ ऑक्टोबरला २० आठवडे, १६ नोव्हेंबरला २४ आठवडे. दोन्ही तपासण्यांत सुई सोनोग्राफीत बघत घालतात, आणि गर्भपाताचा धोका अनुभवी हातात साधारण शंभरात एक किंवा त्याहून कमी असतो. तोही आकडा सांगूनच संमती घ्यायची.

इथे अडतं कुठे? आईबापाची जनुक तपासणी आधी झालेली नसते. प्रयोगशाळेला बाळाच्या नमुन्यात काय शोधायचं ते आईबापाच्या रक्तावरून ठरवावं लागतं, आणि हे काम दिवस गेल्यावर सुरू केलं तर दोन आठवडे त्यातच जातात. म्हणून तिसऱ्या बैठकीतच दोघांचं रक्त पाठवून निकाल फाईलला लावून ठेवा. ही तपासणी सगळीकडे होत नाही. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीत हे काम होतं. किनवटहून नंदीग्राम एक्सप्रेस मुंबईला जाते, पण जाण्याआधी फोन करून कोणत्या वारी नमुना घेतात, नवऱ्याला यावं लागतं का, कोणते कागद लागतात हे विचारून घ्या. एका चुकलेल्या वाराने आठवडा जातो. निकालालाही आठवडा-दोन आठवडे धरा.

कायद्याबद्दल लोकांच्या मनात फार भीती असते. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यात हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी गर्भतपासणीला स्पष्ट मुभा आहे. नोंदणी झालेल्या केंद्रात, बाईच्या लेखी संमतीने. मुलगा की मुलगी हे मात्र सांगितलं जात नाही, विचारायचंही नाही. निकाल एसएस आला तर पुढे काय, हे नमुना देण्याआधीच बोलून ठेवा, निकालाच्या दिवशी नाही. गर्भपात कायद्यात २०२१ साली बदल झाला: २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, २० ते २४ आठवड्यांत ठरावीक कारणांसाठी दोन डॉक्टरांचं, त्यापुढे गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाचं. बाई १८ वर्षांची असेल तर सही फक्त तिची. नवऱ्याची सही कायदा मागत नाही, आणि तिने गर्भ ठेवायचं ठरवलं तर तिला कोणी भाग पाडू शकत नाही.

एसएस बाळ म्हणजे नक्की काय, हेही खरं सांगावं लागतं. आपल्या भागातल्या रुग्णांत अरब-भारतीय प्रकारचं जनुक आढळतं, त्यात 'एफ', म्हणजे पोटातल्या बाळाचं, हिमोग्लोबिन जास्त राहतं, म्हणून अनेकांचा आजार आफ्रिकी रुग्णांपेक्षा सौम्य जातो. पण "आपल्याकडे सौम्यच असतो" म्हणणं चूक. त्याच गावात एक जण पस्तिशीत शेती करतोय आणि दुसऱ्याच्या खुब्याचं हाड विसाव्या वर्षी सडलंय, असं दिसतं. कोणतं बाळ कोणत्या बाजूला जाईल हे गर्भतपासणी सांगत नाही.

आता रुग्ण मुलीबद्दल, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. पहिला गैरसमज: तिला मूल होणार नाही. तिची पाळी एक-दोन वर्षं उशिरा येते, पण दिवस जाण्याची क्षमता साधारण इतरांसारखीच असते. "काळजी नाही" म्हणून गर्भनिरोधन न वापरल्यामुळे तयारी नसताना दिवस जातात. दुसरा गैरसमज: तिने मूल होऊच देऊ नये. जोडीदार एए असेल तर तिचं एकही मूल रुग्ण होणार नाही, ही बातमी तिला मोकळेपणाने द्या. धोका आहे तो तिच्या स्वतःच्या जिवाला. गरोदरपणात वेदनेची झटकी वाढतात, छातीत सिकलचा झटका येऊ शकतो, रक्तदाब चढतो, रक्ताच्या गाठी होतात, बाळ लहान राहतं किंवा लवकर येतं. मृत्यूचा धोकाही इतर बायकांपेक्षा बराच जास्त. म्हणून मूल ठरवून व्हावं.

ठरवून म्हणजे कसं? मूल हवं त्याच्या तीन महिने आधी जिल्ह्याच्या किंवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, नांदेडच्या विष्णुपुरीला, संभाजीनगरच्या घाटीला किंवा अंबाजोगाईला, जिथे फिजिशियन आणि स्त्रीरोगतज्ज्ञ एका छताखाली भेटतात, तिथे एक फेरी. त्यात हृदयाचा इको, फुप्फुसातल्या रक्तदाबासाठी. लघवीतलं प्रथिन आणि क्रिएटिनिन, किडनीसाठी. डोळ्याचा पडदा. फेरिटिन, अंगातला लोहाचा साठा कळण्यासाठी. रक्तगट तपशिलासह आणि अँटीबॉडी स्क्रीन, कारण पुढे रक्त लागलं तर आरएच आणि केल हे रक्तगटही जुळवून द्यावं लागतं आणि आयत्या वेळी ते सापडत नाही. न्यूमोकोकल, फ्लू, हेपॅटायटिस बी आणि रुबेलाच्या लसी बघून घ्या. रुबेलाची लस दिवस जाण्याआधीच, गरोदरपणी नाही.

झटकी कमी करणारी हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल चालू असेल तर मूल होऊ देण्याच्या तीन महिने आधी डॉक्टर ती बंद करतात. मनाने बंद करायची नाही. बंद केल्यावर झटकी परत येतात, आणि दिवस जायला वर्ष लागलं तर वर्षभर ती उघड्यावर पडते, म्हणून मधल्या काळाची योजना आधी हवी. गोळी चालू असताना अचानक दिवस गेले तर घाबरून गर्भ पाडायला धावू नका. गोळी थांबवून त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, सोनोग्राफी करा. तेवढ्या एका कारणाने गर्भपात करावाच लागतो असं नाही. एनालाप्रिलसारखी रक्तदाबाची गोळी आणि डेफेरासिरॉक्ससारखी लोह काढणारी गोळी मात्र दिवस जाण्याआधीच बदलायच्या किंवा थांबवायच्या.

फॉलिक ॲसिड ५ मिलिग्रॅम रोज, आधीपासून आणि पूर्ण गरोदरपणात. उपकेंद्रात सगळ्या गरोदर बायकांना मिळणारी लाल गोळी वेगळी: त्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि फक्त ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. वारंवार रक्त चढलेल्या एसएस बाईच्या अंगात लोह आधीच साठलेलं असतं. तिला ही गोळी फेरिटिन कमी असेल तरच. सिस्टरच्या रजिस्टरला "आयएफए दिली" असा रकाना असतो म्हणून गोळी दिली जाते, तेव्हा तिच्या माता-बाल कार्डावर पहिल्या पानावरच मोठ्या अक्षरात लिहा: एसएस, लोह फेरिटिन बघून. वाहक बाईला मात्र लाल गोळी नेहमीसारखीच द्यायची. १२ आठवड्यांपासून रोज ७५ ते १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन, डॉक्टरांनी लिहून दिल्यावर. २४ आठवड्यांनंतर दर चार आठवड्यांनी बाळाच्या वाढीची सोनोग्राफी. दुखणं उठलं तर मेडिकलवरून आणलेली डायक्लोफेनॅक १२ आठवड्यांआधी आणि २८ नंतर नको, पॅरासिटामॉल चालते, त्याने भागलं नाही तर भरती. बाळंतपण ३८ ते ४० आठवड्यांत, मोठ्या रुग्णालयात, रक्तपेढी जवळ असलेल्या ठिकाणी. सिकलसेल आहे एवढ्यावरून सिझेरियन लागत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरात हे सगळं अजून अवघड होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पाच-सहा महिने फडावर, पहाटेची थंडी, दिवसभर पाणी कमी, जड मोळी. झटका आणणाऱ्या सगळ्या गोष्टी एकाच कामात. एसएस मुलगी गरोदरपणी कोयत्यावर जाऊ नये हे मुकादमाशी उचलीचा हिशेब होण्याआधी बोललं पाहिजे. उचल घेतल्यावर बोलून घरच्यांच्या हातात काही राहत नाही.

गर्भनिरोधन. वाहक बाईला कोणतंही साधन चालतं, तिच्यासाठी वेगळा नियम नाही. रुग्ण बाईसाठी २०२४ च्या अमेरिकी सीडीसी मार्गदर्शनाने माला-एनसारख्या एकत्रित हार्मोनच्या गोळ्या नको त्या वर्गात टाकल्या, रक्ताच्या गाठींमुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत त्या एवढ्या कडक वर्गात नव्हत्या, म्हणून अजून दिल्या जातात. दुसरं साधन उपलब्ध असताना एसएस बाईला माला-एन देऊ नये, हे माझं स्पष्ट मत. हार्मोनचं आययूडी (गर्भाशयात बसवायचं साधन) आणि दंडात बसवायचं इम्प्लांट सगळ्यात चांगलं, जिथे मिळतं तिथे. कॉपर टी चालते, पण पाळीत रक्त जास्त जात असेल तर हिमोग्लोबिनवर लक्ष ठेवा. अंतरा इंजेक्शनने झटकी कमी झाल्याचं दिसलं आहे, पण सीडीसीच्या नव्या वर्गवारीत तेही काळजीने द्यायच्या वर्गात गेलंय. पायात गाठ, पक्षाघात असं काही पूर्वी झालं असेल तर टाळा. अंतरा दर तीन महिन्यांनी, दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे उशिरापर्यंत चालतं. फडावर जाणाऱ्या बाईला पुढची तारीख लिहिलेलं कार्ड बरोबर द्या. नुसत्या निरोधवर वर्षभरात शंभरातल्या साधारण १३ जोडप्यांत दिवस जातात. कुटुंब पूर्ण झालं असेल तर शस्त्रक्रिया नवऱ्याची करा. बिनटाक्याची नसबंदी दहा-पंधरा मिनिटांची, भूल फक्त तेवढ्या जागेपुरती. एसएस बाईला पोट उघडायला आणि भूल द्यायला नेण्यात जो धोका आहे तो नवऱ्याला नाही. हे नवऱ्याला समोर बसवून सांगा, बहुतेकांना कोणी सांगितलेलंच नसतं.

रुग्ण मुलांशी याबद्दल कोणीच बोलत नाही. त्यांना दोन-तीन तास न उतरणारी, लिंगाची दुखरी ताठरता येऊ शकते. लाजेने घरात झाकून ठेवली आणि चार तासांच्या वर गेली तर कायमचं नुकसान होतं, थेट रुग्णालयात जायचं. हायड्रॉक्सीयुरियाने शुक्राणू कमी होतात. नवे तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून मूल हवं तेव्हा त्यालाही तीन महिने आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी थांबवावी लागते. गोळी सुरू करण्याआधी मोठ्या शहरात वीर्य गोठवून ठेवता येतं, हे अविवाहित मुलाला आधीच सांगा.

बोन मॅरो ट्रान्सप्लांट किंवा जनुकीय उपचार झालेल्यांचं एक वेगळंच. रक्त बदलतं, ट्रान्सप्लांटनंतर एचपीएलसी एए किंवा एएस दाखवतं. पण बीजांड आणि शुक्राणू जन्माच्याच जनुकाचे राहतात. म्हणजे ट्रान्सप्लांट झालेला एसएस मुलगा आपल्या प्रत्येक बाळाला एक 'एस' देणारच. ट्रान्सप्लांटनंतरचं एचपीएलसी लग्नासाठी वापरायचं नाही, जुना रिपोर्ट जपून ठेवायचा. ट्रान्सप्लांटआधीच्या औषधांनी मूल होण्याची क्षमता जाऊ शकते, म्हणून बीजांड किंवा वीर्य जपण्याचं बोलणं उपचाराआधी.

आणि बाळ आल्यावर: आईबापापैकी दोघंही 'एस' देणारे असतील, किंवा एक 'एस' आणि दुसरा थॅलेसेमियाचा, तर जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाच्या टाचेचं रक्त एचपीएलसीला द्या. सोल्युबिलिटी सहा महिन्यांआधी करू नका, बाळात 'एफ' जास्त असतं आणि चाचणी खोटी निगेटिव्ह येते. एसएस निघालं तर दोन-तीन महिन्यांच्या आत पेनिसिलिन सुरू: तीन वर्षांपर्यंत १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, मग पाच वर्षांपर्यंत २५० मिलिग्रॅम दोनदा. आईचा हात धरून बाळाच्या डाव्या बरगडीखाली पानथरी कुठे लागते ते दाखवा, रोज आंघोळीच्या वेळी तिथे बोटं टेकवायला सांगा. पानथरी अचानक मोठी लागली, लेकरू पांढरं फटक पडलं, किंवा ताप १०१ च्या वर गेला, तर रात्र असो की बाजाराचा दिवस, त्याच वेळी रुग्णालय गाठायचं.